लेकरू नेले, पण नोंद कुठेच नाही

घरचे माणूस बाजाराला गेले आणि दिवस मावळला तरी परतले नाही, तर घरात काय होते हे तुम्हाला सांगायला नको. चूल पेटत नाही. आधी शेजारीपाजारी विचारून होते, मग पाहुण्यांकडे माणूस धाडतात, ओढे-विहिरी पाहून होतात आणि अखेर पोलीस चौकीत जाऊन वर्दी देतात. हवालदार कागद पुढे ओढतो. नाव काय, वय काय, अंगात सदरा कोणता होता, शेवटचे कुणी पाहिले? एवढे लिहून झाले की जिवाला जरासा धीर येतो. निदान सरकारदरबारी नोंद झाली, आता शोध तरी होईल.

पण वाचकहो, माणूस नेणारे सरकारचेच लोक असले तर? तुमच्या डोळ्यांदेखत पोराला घरातून ओढून नेले आणि चौकीत विचारायला गेलात तर हवालदार म्हणाला, "असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. पळाला असेल कुठेतरी." मग कोणाकडे जाल? तालुक्याला तेच उत्तर, जिल्ह्याला तेच, राजधानीतही तेच. अशा वेळी देशाबाहेर कोणी ऐकणारे असते का? असले तर त्याच्यापर्यंत पोचायचे कसे, आणि पोचून काय पदरात पडते? ही विद्या जगाला शिकवली ती अर्जेंटिना देशातल्या घरगुती बायांनी. त्यांचीच ही हकिगत.

अर्जेंटिना दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे आहे. गहू, मका, सोयाबीन आणि गुरांचे कळप यांचा हा देश. आपल्या कढईतले सोयाबीनचे तेल पुष्कळदा तिथूनच जहाजाने आलेले असते. २४ मार्च १९७६ रोजी तिथल्या सैन्याने सरकार उलथवले आणि भूदल, नौदल, हवाईदल यांच्या तीन सेनापतींनी कारभार हाती घेतला. भूदलाचा जनरल विदेला राष्ट्राध्यक्ष झाला. देशात बंडखोरांच्या हत्यारी टोळ्या होत्या हे खरे. त्यांचा बीमोड करतो असे सांगून सेनापतींनी सुरुवात केली. पण नेले कोणाला? विद्यार्थी, शिक्षक, कामगारांचे पुढारी, वकील, वार्ताहर, गरीब वस्तीत काम करणारे पाद्री. ईशान्येकडच्या प्रांतांत कापूस आणि तंबाखू पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांनी भावासाठी संघटना बांधल्या होत्या, त्यांचे कार्यकर्तेही त्यात गेले.

नेण्याची रीत ठरलेली होती. रात्री नंबरपट्टी नसलेली मोटार दाराशी यायची, बहुधा हिरव्या रंगाची फोर्ड फाल्कन. साध्या कपड्यातले हत्यारबंद लोक घरात शिरायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून माणूस उचलायचे, जाताना घरातले सामानही न्यायचे. ना वॉरंट, ना पंचनामा, ना तुरुंगाच्या वहीत नाव. राजधानी ब्युनोस आयर्समध्ये भरवस्तीत नौदलाची एक तांत्रिक शाळा होती. तिच्या माळ्यावर आणि तळघरात माणसे कोंडून त्यांचे हाल करीत. पुष्कळांना गुंगीचे इंजेक्शन देऊन विमानात चढवले आणि जिवंतपणी पाण्यात टाकले. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद केली. यादी अपुरी आहे हे आयोगानेच म्हटले. मानवी हक्कांच्या संघटना ३०,००० हा आकडा सांगतात.

मारून टाकले तर प्रेत असते, खटला होतो, जगात बभ्रा होतो. तुरुंगात टाकले तर भेट मागता येते. नाहीसाच केला, तर सरकारला काही उत्तर द्यावे लागत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये वार्ताहरांनी छेडले तेव्हा विदेलाने तसे बोलूनही दाखवले. बेपत्ता माणूस म्हणजे एक अज्ञात गोष्ट, तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते.

चौदा बाया आणि एक चौक

सुरुवातीला प्रत्येक घर एकेकटे फिरत होते. चौकी, छावणी, इस्पितळ, शवागार, बिशपांची कचेरी. कोर्टात 'माणूस हजर करा' असा अर्ज करता येतो, त्याला हेबिअस कॉर्पस म्हणतात. असे हजारो अर्ज पडले. सरकार लिहून देई की असा माणूस ताब्यात नाही, आणि न्यायाधीश अर्ज निकाली काढीत. आपल्याला हे फार परके वाटायला नको. त्याच १९७६ साली, आणीबाणीत, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्ज करण्याचे दार बंद केले होते. केरळात राजन नावाच्या इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले आणि त्याच्या म्हाताऱ्या प्राध्यापक बापाला पोराचे प्रेतसुद्धा कधी मिळाले नाही. फरक एवढाच की १९७७ साली आपल्याकडे निवडणूक झाली, कोर्टाची दारे उघडली आणि त्या बापाला निदान उत्तर मागता आले. अर्जेंटिनात दारे आणखी सहा वर्षे बंदच राहिली.

शवागार आणि कचेऱ्यांच्या बाकांवर बसून बसून या आया एकमेकींना ओळखू लागल्या. त्यांतल्या असुसेना व्हिल्याफ्लोर नावाच्या बाईने म्हटले, एकेकटीने काही होणार नाही, सगळ्या मिळून राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यासमोरच्या चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी 'प्लाझा दे मायो' या चौकात जमल्या. शनिवार होता, चौकात चिटपाखरू नव्हते. पुढे वार बदलत बदलत गुरुवार ठरला, वेळ दुपारी साडेतीनची. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, घोळका करून उभे राहू नका, चालत राहा. बायांनी हुकूम पाळला. दोघी-दोघींनी हातात हात घालून चौकातल्या मनोऱ्याभोवती फेऱ्या सुरू केल्या. त्याच वर्षी एका यात्रेच्या गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून डोक्याला पांढरा फडका बांधायचे ठरले. फडका कसला? तान्ह्या मुलाला बांधायचे दुपटे. प्रत्येकीच्या घरात मुलांच्या आठवणीचे एखादे जपून ठेवलेले असणारच, म्हणून.

सरकार त्यांना वेड्या बाया म्हणे. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. आणि घरातही वाद होते, हे विसरू नका. नवरा म्हणे, गप्प बस, बोललीस तर आत असलेल्या पोराच्या जिवावर बेतेल. आई म्हणे, गप्प बसले तर पोर होते हेच लोक विसरतील. दोघांचेही खोटे नव्हते. आपण त्या जागी असतो तर काय केले असते, याचे उत्तर मला तरी छातीठोकपणे देता येत नाही.

भीती पोकळ नव्हती. या मंडळीत एक गोरा, देखणा तरुण येऊ लागला होता. माझा भाऊ बेपत्ता आहे, असे तो सांगे. बायांना त्याची कणव येई. तू चौकात येऊ नकोस, तुला धरतील, असे त्या त्याला बजावीत. तो होता नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस. बायांनी पै-पै जमवून बेपत्तांची नावे वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापायचे ठरवले. ८ डिसेंबर १९७७ रोजी त्या कामासाठी एका चर्चमध्ये जमलेल्यांना बाहेर पडताना उचलले. त्यात दोन आया होत्या आणि एक फ्रेंच जोगीण. दोन दिवसांनी, १० तारखेला, जाहिरात छापून आली आणि त्याच दिवशी असुसेनाला तिच्या घराजवळून नेले. दुसऱ्या फ्रेंच जोगिणीलाही त्याच दिवशी नेले. पकडलेल्या आयांपैकी एक, एस्तेर बायेस्त्रिनो, हिची गरोदर मुलगी तर आधीच सुटून आली होती. ती घरी बसती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण बाकीच्यांची पोरे अजून आत आहेत म्हणून ती चौकात येत राहिली.

पुढच्याच गुरुवारी चौकात बाया आल्या. थोड्या आल्या, पण आल्या.

परदेशी पोचलेला कागद

देशात कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी बाहेर लिहायला सुरुवात केली. पोपना लिहिले, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना लिहिले, रेड क्रॉसला लिहिले. लंडनच्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेची माणसे नोव्हेंबर १९७६ मध्येच येऊन गेली होती आणि पुढच्या वर्षी त्यांनी अहवाल छापला होता. या संस्थेची रीत साधी आहे. एका देशातल्या कैद्यासाठी दुसऱ्या देशातले सामान्य लोक, शिक्षक, कारकून, घरातल्या बाया, त्या सरकारला पत्रे लिहितात. एका पत्राने काही हलत नाही. पोत्याने पत्रे आली की कारकुनालाही वर विचारावे लागते.

इथे बायांना पहिला धडा मिळाला. माझ्या सोन्यासारख्या पोराला नेले हो, या आक्रोशाने ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, पण त्याला पुढे काही करता येत नाही. त्याला लागते ते दुसरेच. पूर्ण नाव, जन्मतारीख, नेल्याचा दिवस आणि वेळ, पत्ता, आलेल्या माणसांचा गणवेश कोणता, गाडी कसली, कोणी पाहिले, त्यानंतर कुठे कुठे अर्ज केले आणि काय उत्तर आले. म्हणजे हवालदाराने जो कागद लिहायला नकार दिला होता, तोच कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचा. कधी कचेरीचा उंबरा न ओलांडलेल्या बाया टंकलेखन शिकल्या, नकला काढू लागल्या, याद्या लावू लागल्या. बाहेर जाणाऱ्या पाहुण्याबरोबर कागद पाठवू लागल्या. टपालावर आणि टेलिफोनवर भरवसा नव्हता. बोलताना सांकेतिक शब्द असत. पोप म्हणजे 'पांढरा माणूस', लहान मुले म्हणजे 'पिल्ले'. चहाच्या दुकानात वाढदिवसाचे सोंग करून बैठका होत.

जून १९७८ मध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धा अर्जेंटिनात भरली. सेनापतींना जगापुढे मिरवायचे होते. पहिल्या दिवशी सारे कॅमेरे मैदानावर असताना हॉलंडच्या टेलिव्हिजनवाल्यांनी चौकात जाऊन या बायांचे चित्रण केले. एक बाई ओरडून सांगत होती की आम्हाला फक्त आमची मुले कुठे आहेत एवढे कळू द्या. ते चित्र पाहून हॉलंडमधल्या बायांनी पैसे गोळा करून यांच्या मदतीला पाठवले.

सप्टेंबरातली रांग

अमेरिका खंडातल्या देशांची एक संघटना आहे आणि तिचा मानवी हक्क आयोग आहे. सभासद देशाविरुद्ध तिथे तक्रार करता येते. वॉशिंग्टनला या आयोगाकडे अर्जेंटिनाची इतकी प्रकरणे साठली की आयोगाने प्रत्यक्ष येऊन पाहायचे ठरवले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सरकारने कर्ज आणि शस्त्रे अडवून धरली होती, म्हणून सेनापतींना नाही म्हणवले नाही. ६ सप्टेंबर १९७९ ला आयोग ब्युनोस आयर्समध्ये उतरला.

त्यानंतरचे दोन आठवडे डोळ्यांपुढे आणा. आयोगाची कचेरी होती शहरातल्या एका मोठ्या रस्त्यावर, चौकापासून जवळच. पहाटेपासून माणसांची रांग लागे आणि चौकाचौकातून वळत जाई. हातात कागदांचे पाकीट आणि फोटो. खेड्यापाड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेले लोक होते. कोणी तीन वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडणार होते. रस्त्यावरच्या मोटारींवर सरकारने वाटलेल्या चिठ्ठ्या डकवलेल्या, त्यांवर शब्दांचा खेळ करून लिहिलेले, की आम्ही अर्जेंटिनाचे लोक सरळही आहोत आणि माणुसकीचेही आहोत. दुसऱ्याच दिवशी तिकडे टोकियोत अर्जेंटिनाच्या तरुण संघाने फुटबॉलचे विश्वविजेतेपद जिंकले. रेडिओवरच्या नामांकित निवेदकाने लोकांना सांगितले, रस्त्यावर या, त्या आयोगवाल्यांना आपला खरा चेहरा दाखवा. नाचणारे, ओरडणारे घोळके रांगेजवळून गेले. रांगेतले लोक जागचे हलले नाहीत.

सरकारने आपल्या परीने आवराआवर केली होती. नौदलाच्या शाळेतले कैदी आधीच हलवून नदीच्या मुखाशी एका बेटावर नेऊन ठेवले होते. बेटाचे नावही कसे? 'एल सिलेन्सियो', म्हणजे शांतता. आयोगाने शाळा पाहिली तेव्हा तिथे काही नव्हते. पण रांगेतल्या माणसांनी दिलेल्या तक्रारी भरल्या ५,५८०. एप्रिल १९८० मध्ये अहवाल आला. ही माणसे सरकारी हातांनीच मारली गेली असे मानायला भाग पडते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. देशात अहवालावर बंदी आली. एमिलियो मिन्योने नावाचे वकील होते, त्यांचीही तरुण मुलगी १९७६ साली नेलेली. त्यांनी प्रती लपवून आणून वाटल्या.

याच सप्टेंबरात सरकारने आणखी एक डाव टाकला, आणि शेतीवाडी असलेल्या माणसाने तो नीट समजून घ्यावा. कायदा केला की ठरावीक काळात बेपत्ता झालेल्यांना मृत ठरवता येईल. वरवर पाहता सोयच. आपल्याकडेही सात वर्षे माणसाचा ठावठिकाणा नसला की कोर्ट त्याला मृत धरू शकते. त्याशिवाय सातबाऱ्यावर वारस लागत नाहीत, बँकेतला पैसा निघत नाही. तिथेही घरे अडली होती. सुनेला निवृत्तिवेतन मिळेना, जमीन विकता येईना. तरीही बायांनी त्या कायद्याला हात लावला नाही. नेणाऱ्याने सांगायचे की कुठे नेले, कोणी मारले. ते न सांगता मरणाचा दाखला आम्ही कसा घ्यावा? पुढे लोकशाही सरकारने १९९४ साली निराळा कायदा केला. त्यात 'सक्तीने नाहीसा केला गेल्यामुळे गैरहजर' अशी नोंद करून वारसांना व्यवहार करता येतो, मृत म्हणावे लागत नाही. सरकारी कागदावर एक खरा शब्द उमटायला पंधरा वर्षे लागली.

जिनिव्हाचे दप्तर

संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्कांची कचेरी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहरी आहे. अर्जेंटिनाचा वकील तिथे बसून वर्षानुवर्षे आपल्या देशाचे नाव चर्चेत येऊ देत नव्हता. त्याला साथ कोणाची? सोव्हिएत रशियाची. कम्युनिस्टांना मारतो म्हणणाऱ्या सेनापतींची पाठराखण कम्युनिस्ट रशियाने करावी याचे कोडे वाटेल. पण १९८० च्या जानेवारीत अमेरिकेने रशियाला धान्य बंद केले आणि ती तूट अर्जेंटिनाच्या गव्हा-मक्याने भरून निघाली. पोत्यांपुढे तत्त्व हरले. उलट बाजूला १९८१ साली अमेरिकेत रेगन आले आणि कार्टरचा कडकपणा ओसरला. मोठ्या देशांच्या कळवळ्यावर किती विसंबायचे, हे या बाया तेव्हाच ओळखून होत्या.

तरी फेब्रुवारी १९८० मध्ये मार्ग निघाला. एकट्या अर्जेंटिनाचे नाव न घेता, कोणत्याही देशातल्या सक्तीने नाहीशा केलेल्या माणसांसाठी पाच सभासदांचा एक कार्यगट नेमला गेला. तो आजही काम करतो. तिथे तक्रार घरच्यांनी करायची किंवा त्यांच्या संमतीने एखाद्या संस्थेने. फी नाही, वकील लागत नाही, देशातल्या कोर्टात शेवटपर्यंत लढून या अशी अटही नाही. इंग्रजीत लिहिलेला अर्ज चालतो. नाव, तारीख, जागा, सरकारपैकी कोणी नेले असा संशय आहे आणि घरच्यांनी आजवर काय केले, एवढे द्यावे लागते. माणूस नेऊन तीन महिने झाले नसतील तर तातडीची कारवाई म्हणून ते लगेच त्या सरकारला विचारणा करतात. एरवी सभेत पाहून पाठवतात. माणसाचे काय झाले हे कळेपर्यंत प्रकरण बंद होत नाही, मग वीस वर्षे जावोत की चाळीस.

हे कोर्ट नव्हे, हेही सांगून टाकायला हवे. कार्यगट कोणाला शिक्षा देत नाही, भरपाई देववत नाही. तो सरकारला विचारतो आणि पुन्हा विचारतो. अमेरिका खंडात निवाडा देणारे कोर्ट आहे. १९८८ साली होंडुरास देशाला त्याने एका नाहीशा केलेल्या तरुणासाठी जबाबदार धरले. आशिया खंडाला असे कोर्ट नाही. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी याविषयी करार केला, तो २०१० मध्ये अमलात आला. भारताने २००७ च्या फेब्रुवारीत त्यावर सही केली, पण पुढे कायम करण्याचे पाऊल टाकलेले नाही. म्हणून त्या कराराखालच्या समितीचे दार आपल्या माणसाला अजून उघडे नाही. कार्यगटाचे मात्र आहे.

आज्यांचे रक्त

नेलेल्यांत गरोदर पोरीही होत्या. बाळंत होईपर्यंत त्यांना जिवंत ठेवीत, मग मूल काढून घेत आणि आईला संपवीत. मुले सैनिकांच्या, पोलिसांच्या, त्यांच्या ओळखीच्यांच्या घरी खोट्या जन्मदाखल्याने वाढली. १९७७ मध्ये बारा आज्यांनी आपली वेगळी संघटना केली. त्यांना दोन पिढ्या शोधायच्या होत्या, मुलगी आणि नातवंड. असा अंदाज आहे की सुमारे ५०० मुले अशी गेली. १९७९ साली पहिली दोन भावंडे सापडली ती शेजारच्या चिली देशात, आणि पत्ता लावला ब्राझीलच्या साव पावलोतल्या चर्चच्या मदतगटाने.

पण मूल सापडले तरी ते आपलेच, हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? आईबाप तर नाहीत. खिल्लार वासराचा बाप बाजारात नसला तरी जाणता शेतकरी आज्याच्या खाणाखुणा ओळखतो. पण न्यायाधीशाला पुरावा लागतो. आज्यांनी जगभर हाच प्रश्न विचारला. आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? १९८२ मध्ये त्या न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनला गेल्या. तिथे देशातून परागंदा झालेले अर्जेंटिनाचेच एक डॉक्टर, व्हिक्टर पेन्चासादे, त्यांना भेटले. अमेरिकेच्या विज्ञान संस्थेने हाक ऐकली. मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी गणित बसवून दिले. डिसेंबर १९८४ मध्ये रक्ताच्या पुराव्यावर कोर्टाने आठ वर्षांची नात आजीच्या स्वाधीन केली. पुढे आईकडूनच लेकराकडे उतरणाऱ्या जनुकाची परीक्षा निघाली, तीत आजी पुरेशी होते. १९८७ साली कायद्याने रक्ताची पेढी स्थापन झाली. आज्या मेल्या तरी त्यांचे रक्त तिथे वाट पाहील, अशी ती सोय आहे. हाडे ओळखण्याची विद्याही अशीच बाहेरून आली. क्लाइड स्नो या अमेरिकन तज्ज्ञाने १९८४ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवून तयार केले, आणि आता तेच पथक जगभर बोलावले जाते.

२०२५ पर्यंत १४० नातवंडांचा छडा लागला. आज्यांच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो पूर्वी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलीला १९७७ मध्ये नेले, १९७८ मध्ये तिचे प्रेत हाती दिले. तिने कैदेत मुलाला जन्म दिला होता. दुसऱ्यांची नातवंडे शोधत त्या म्हाताऱ्या झाल्या. २०१४ साली, त्या ८३ वर्षांच्या असताना, एक छत्तीस वर्षांचा संगीतकार आपल्या जन्माविषयी शंका आली म्हणून स्वतः होऊन रक्त द्यायला आला. शेतावर राबणाऱ्या एका जोडप्याने त्याला वाढवले होते. तो त्यांचाच नातू निघाला.

कोर्टकचेरीचे थोडक्यात सांगतो. १९८३ च्या डिसेंबरात लोकशाही आली, १९८५ मध्ये सेनापतींवर खटला चालून विदेलाला जन्मठेप झाली. घरच्यांनी आणि संघटनांनी लिहून ठेवलेले ते सारे कागद तेव्हा उपयोगी पडले. मग सैन्याच्या दबावाने माफीचे कायदे झाले, विदेला सुटला. पण मुले चोरण्याचा गुन्हा माफीतून वगळलेला राहिला होता. त्याच फटीतून त्याला १९९८ मध्ये पुन्हा धरले. माफीचे कायदे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. २०१३ साली विदेला तुरुंगातच मेला. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली. आणि असुसेना? १९७७ च्या डिसेंबरात समुद्राने काही प्रेते किनाऱ्यावर आणून टाकली होती, ती बेवारस म्हणून पुरली होती. २००५ मध्ये हाडांच्या पथकाने त्यांत असुसेना आणि तिच्या सोबतिणी ओळखल्या. तिची रक्षा त्याच चौकात, मनोऱ्याच्या पायथ्याशी पुरली आहे.

राजधानीतल्या बायांची हकिगत जगाने ऐकली. खेड्यातल्यांना एवढी वाट कुठली? उत्तरेकडे बोलिव्हियाच्या सीमेजवळ हुहुई प्रांत आहे, सगळा उसाचा मुलूख. तिथल्या लिबेर्तादोर सान मार्तिन या साखर कारखान्याच्या गावात लुईस आरेदेस नावाचा डॉक्टर होता. मजुरांच्या आजारांवर तो हात राखून औषध देत नसे, आणि गावचा नगराध्यक्ष झाल्यावर त्याने कारखान्याकडे कर मागितला. सत्तापालटाच्या रात्री त्याला नेले, वर्षाने सोडले आणि १९७७ च्या मे महिन्यात पुन्हा नेले ते कायमचेच. १९७६ च्या जुलैत त्या गावाची आणि शेजारच्या कॅलिलेग्वाची वीज रात्री बंद करून अंधारात शेकडो माणसे उचलली होती. त्यांतली तिसेक परत आली नाहीत.

डॉक्टरची बायको ओल्गा दातांची डॉक्टर होती. ती गावच्या चौकात दर गुरुवारी पांढरा फडका बांधून फेऱ्या घालू लागली. गाव कारखान्याच्या भाकरीवर जगणारे. कोणी सोबत यायला धजेना. कित्येक वर्षे ती एकटीच फिरली. उसाच्या चिपाडाचे डोंगर गावाशेजारी पडलेले असत, त्यांची धूळ वाऱ्यावर उडे. त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग तिला जडला आणि २००५ साली ती गेली. आता दर जुलैत, त्या रात्रीच्या आठवणीला, कॅलिलेग्वापासून लिबेर्तादोरपर्यंत उसाच्या मळ्यांमधल्या रस्त्याने माणसे चालत जातात. पुढे फोटो धरलेले असतात. त्यांत डॉक्टरचा असतो, आणि तिचाही.